नव्या गड्याचा फेटा

आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाचे ओंडके पारखणारे एक भाऊ होते. ओंडक्यावर टकटक करायचे, कान लावायचे, आतून पोकळ असला तर आवाजावरून सांगायचे. माणसांचंही आधी ऐकून घ्यायचे, मग कान चोळत बोलायचे. हुतूतूचा हंगाम संपला की सगळ्यांत चांगल्या नव्या गड्याला फेटा तेच बांधत. फेटेवाला पुढलं वर्षभर घर सोडून चांद्याला, तिथल्या संघात राहायला जाई.

त्या साली वाद दोघांवर अडला: आमचे हे आणि मुलचेऱ्याकडचा एक बिनलग्नाचा गडी. मी नवी नवरी, पण तोंड जुनं. "फेटा आमच्याच घरी येते," असं विहिरीवर सांगून बसले होते. वर्षभर चांद्याला जावं लागतं, हे मागाहून कळलं आणि जेवण जाईना. तरी ऐट सुटते का? मैदानात मीच ओरडले, "भाऊ, यायलेच बांधा!"

भाऊंनी कान चोळला आणि फेटा दुसऱ्याला बांधला.

"काऊन जी, भाऊ?" मी तोंड फुगवून विचारलं.

"गडी दोघंई सारखेच, बाई. पन तुमचा आवाज पोकळ लागला मले."

मी पदरात तोंड लपवून हसत सुटले. सासूबाईंना वाटलं, रडते. त्यांनी गूळ दिला, तोही मी खाल्ला.