वारा फिरण्याआधी

सदानंद गेल्याचं मला मिरकरवाड्यात मासे घेताना कळलं. कोळीण म्हणाली, "तुमचे ते सौरवाले मास्तर गेले हो." गेल्यावरही लोक त्याला सौरवाले म्हणतात, हे मला त्या क्षणीसुद्धा टोचलं...

आम्ही दोघं एकाच महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो. मी ज्येष्ठ. अठ्ठ्याण्णवच्या सुमारास तो सिलिकॉनऐवजी सेंद्रिय रंगाच्या पातळ थरातून उन्हाची वीज काढायच्या नादी लागला. नखाएवढ्या तुकड्यावर ती निघायचीही. मी म्हणायचो, "अरे मेल्या, नखाचं काय सांगतोस, पंखा फिरवून दाखव." खरी अडचण तीच होती. तुकडा मोठा केला की थर कुठे जाड, कुठे विरळ. बारीक छिद्रं पडायची आणि वीज तिथेच जिरायची. मी त्यावर कागदच्या कागद आकडेमोड केली. त्याला वाट सापडली ती आंब्याच्या साठांत, उन्हात सुकवायच्या आंबापोळ्यांत. रस पळीने पसरायचा नाही, ताट कलवून फिरवायचा. एक थर सुकला की दुसरा. ताटाएवढी काच त्याने तशीच माखली. मीटरची सुई हलली तेव्हा मुलं त्याच्याभोवती होती, मी दाराशी.

कडा मात्र अजून नीट बंद होत नव्हत्या. दमट खारी हवा शिरली की थर मरायचा. अशातच मुंबईच्या एका कारखान्याचे लोक काच पाहायला येणार असं ठरलं. माझं घर भाट्याला, समुद्रालगत. मीच म्हटलं, "आमच्या अंगणात दाखव. सकाळी वारा जमिनीवरचा असतो, कोरडा." ते खरंच होतं. सदानंद म्हणाला, "वारा फिरण्याआधी आटपूया हां, भाऊ."

आणि मी पाहुण्यांना घावणे वाढत बसलो. "आणखी एक घ्या, कोकणात आलायत..." सदानंद दोनदा दारात येऊन उभा राहिला. पाहुण्यांना पानावरून उठवायचं कसं, म्हणून बोलला नाही. आम्ही अंगणात आलो तेव्हा समुद्राकडच्या वाऱ्याने झावळ्या हलत होत्या. सुई वर गेली आणि सगळ्यांच्या देखत हळूहळू खाली आली.

पाहुणे हसून गेले. गाव त्याला थापाड्या म्हणालं. त्याने ते काम सोडलं. त्याची काच खोटी नव्हती. उशीर मी केला, समजून उमजून.

हे छापायला देण्याआधी सदानंदच्या बायकोला, मालतीवहिनींना सांगायला गेलो. अंगणात साठांचं ताट उन्हात होतं, तो कलवून फिरवायचा तेच. ऐकून त्यांनी झावळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वारा फिरलाय, भावोजी. ताट आत घ्या."

मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि जराही कलू न देता आत नेलं.