एकोणऐंशीवर उजवीकडे

रविवार, ४ फेब्रुवारी २०२४, सकाळचे सहा वाजून चार मिनिटे. धार, किल्ल्याखालचा रस्ता. तापमान अकरा अंश. माझी नाडी मिनिटाला चौसष्ट. बाटल्या दोन, एकीत साधे पाणी, दुसरीत मोजून घातलेले मीठ आणि साखर. ही माझी नोंद. शेजारी उभ्या असलेल्या मावसबहिणीची नोंद मला करता आली नाही, कारण स्वतःची नाडी किती असते हे तिलाच ठाऊक नव्हते. ती वर्तमानपत्राच्या कागदातली गार कचोरी खात होती.

"ताई, खाणार? मूंगवाली आहे. कल देवास से लाई."

"सुटायच्या आधी तळलेलं खात नाहीत."

"मी तर खाते," ती म्हणाली, आणि हात पँटला पुसून सायकलवर बसली.

पणाला लागली होती एक जागा. नर्मदेच्या काठाने सहा दिवस चालणाऱ्या एका सायकलप्रवासासाठी मुलींचा संघ निवडला जात होता आणि आमच्या छोट्या सायकल मंडळाने एकच नाव कळवायचे होते. मंडळात लांब पल्ला करणाऱ्या मुली दोनच: धारची मी आणि देवासची ती. वेळ नोंदवण्याचे काम ज्या काकांकडे होते ते निवृत्त अभियंते; वादाला जागा ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "दोघी एकत्र सुटा. जी आधी परत येईल तिचं नाव जाईल. बाकीचं घरी जाऊन बोला," एवढेच ते म्हणाले होते.

फेरी माझी होती. धार, मनावर, बाग, अमझेरा आणि पुन्हा धार. दोनशे चार किलोमीटर. भूविज्ञानात एम.एस्सी. केल्यावर मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे या वाटेवरच्या गावांची ओळख मला आधी त्यांच्या पाण्याच्या जडपणावरून झाली, रस्त्यांची नंतर. कोणत्या हातपंपाचे पाणी बाटलीच्या तळाशी पांढरा थर धरते, कुठे काळा दगड संपून चुनखडी सुरू होते, कोणत्या वळणावर ट्रक वाळू सांडतात, हे सारे मी दोन वर्षांत एकटीने जमवले होते. तिने त्यातले काहीही जमवले नव्हते. आठ महिन्यांपूर्वी तिला गिअर बदलायला मीच शिकवले. सरावाचा तक्ता मी करून दिला. तो तिने फ्रिजवर चिकटवला आणि पाळला नाही. तरीही दर महिन्याला ती माझ्या जवळ येत गेली. डिसेंबरात चढावर माझ्या चाकाला चाक लावून ती गाणे गुणगुणत होती आणि माझी नाडी एकशे ब्याऐंशी होती.

"तिच्यात ते उपजतच आहे गं," आई एकदा म्हणाली. आईने हे सहज म्हटले. पण "उपजत" हा शब्द मी कित्येक दिवस उचलून फिरत होते. जे मोजून, झिजून, पहाटे उठून मिळवता येते त्याच्यावर माझा हक्क होता. जे उपजत आहे त्याच्यापुढे माझ्या साऱ्या वह्या म्हणजे रद्दी. हेवा आणि मत्सर या दोन शब्दांमधला फरक मला तेव्हा नेमका कळला. हेव्यात माणसाला दुसऱ्याचे आपल्यालाही हवे असते. मत्सरात ते दुसऱ्याकडे नसले तरी पुरते.

घाटाच्या उतारावर ती पुढे गेली. मी प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत होते. ती ब्रेक विसरूनच गेली होती. खाली निमाडची हवा दोन-तीन अंशांनी उबदार लागली, शेतांच्या कडेला मिरची वाळत पडली होती, आणि मनावरपर्यंत मी तिला गाठले ते केवळ ती थांबली म्हणून. अडुसष्टाव्या किलोमीटरला, गावाबाहेरच्या हातपंपावर, ती तोंड धूत होती. मनावरपर्यंतचा रस्ता तिला माहीत होता. तिथवर ती माझ्याबरोबर दोनदा आली होती. पुढचा नव्हता. तिचा फोन जुना. नकाशा लावला की दुपारपर्यंत बॅटरी उतरे, म्हणून तो बंद करून पाठीच्या खिशात ठेवलेला. सायकलवर होता फक्त किलोमीटर दाखवणारा साधा मीटर.

"ताई, आगे मुड़ना कहाँ है? बागचा फाटा?"

"एकोणऐंशीवर उजवीकडे," मी म्हणाले.

"इक्यासी पे राइट. ठीक."

इथे थांबून सांगायला हवे. आमच्या घरात आकडे मराठीत म्हणायची शिस्त आहे. पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते. दरबार गेला, दफ्तर गेले, पाढे राहिले. तिच्या घरी, देवासला, मराठी सणावाराला आणि रागावताना येते. शाळा सगळी हिंदीत. तिच्या कानाला "एकोणऐंशी" म्हणजे एक आणि ऐंशी, म्हणजे इक्यासी, म्हणजे एक्याऐंशी. एक कमी करायचा की एक मिळवायचा, एवढाच घोळ. पण माळव्यातल्या मराठी घरांत तो इतका नेहमीचा की लग्नाच्या तारखाही त्यापायी चुकल्या आहेत. प्रयोगशाळेत मी दिवसभर हिंदीच बोलते. तिला "उन्यासी" म्हणणे मला जड नव्हते. तरी सुरुवातीचा शब्द मी निरागसपणे वापरला, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण तिने उलट म्हटलेला आकडा मी ऐकला. स्पष्ट ऐकला. त्या रस्त्यावर एकोणऐंशीला उजवीकडे बागचा फाटा आहे आणि एक्याऐंशीलाही उजवीकडे एक रस्ता आहे, तो चुनखडीच्या खाणीत जाऊन संपतो, हे मला माहीत होते. मी बाटलीचे झाकण लावले. ती निघून गेली.

पुढचे अकरा किलोमीटर माझ्या डोक्यात एक विचित्र शुद्धता होती. मी कारणे मांडत होते. फाट्यावर पाटी आहे, ती वाचेल. ती कुणाला तरी विचारेल. स्पर्धा आहे, रस्ता ज्याचा त्याने शोधायचा. फाट्यावर पोचले तेव्हा पाटीसमोर उसाची ट्रॉली उभी होती आणि पाटी दिसत नव्हती. मी उजवीकडे वळले. पुढे रस्त्यावर कुणीच नव्हते.

त्या वाटेवर मला नेहमी आनंद होतो. दोन्ही बाजूंना फिकट दगडांचे बांध, त्यात जुन्या समुद्रातल्या शिंपल्यांचे ठसे. धूळ अशी की मोजे पिठात बुडवल्यासारखे होतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, हे तिला सांगितले तेव्हा, माळव्यात कुणालाही लावतात ते "भिया" मलाही लावून, ती म्हणाली होती, "तो फिर भिया, किनारा कुठे गेला?" आणि सगळे मंडळ हसले होते. मी तेव्हाही हसले नव्हते. त्या दिवशी मी शिंपल्यांकडे पाहिले नाही. दर पाच किलोमीटरला मागे पाहिले.

बागला, एकशे नवव्या किलोमीटरला, काका मोटारसायकल घेऊन चहाच्या टपरीवर बसले होते. नदीच्या बाजूला छापलेली कापडे वाळत होती.

"आमची देवासवाली कुठंय?"

"माझ्या पुढे होती," मी म्हणाले. वाक्य खरे होते.

"पुढे? इथून तर कुणी गेलं नाही." त्यांनी तिला फोन लावला. बंद. "तू नीघ. मी बघतो."

मी निघाले. टांडा गावाच्या चढावर पाय जड झाले, अमझेऱ्याच्या जुन्या पेठेतून जाताना एका म्हाताऱ्याने "शाबास बेटी" म्हटले आणि ते मला लागले. दुपारी तीन वाजून तीस मिनिटांनी मी धारला पोचले. नऊ तास सव्वीस मिनिटे. माझी आजवरची सर्वांत चांगली वेळ. मंडळातल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या.

ती पंचवीस मिनिटांनी आली. गुडघ्यापर्यंत पांढरी, पाठीच्या खिशात बोरे. चेन पुसायच्या आधीच तिने गोष्ट सुरू केली.

"अरे मैं तो खदान में पहुँच गई! नऊ किलोमीटर, नुसती गिट्टी. एक ट्रकवाल्याला विचारलं, भिया, ये रास्ता बाग जाता है? तो बोला, बहनजी, ये रास्ता गड्ढे में जाता है, आगे आपकी मर्जी!"

सगळे तिच्याभोवती जमले. खाणीवरच्या बाईने चहा दिला, ट्रकवाला सायकलसकट बागला सोडतो म्हणत होता, तिने नाही म्हटले, बोरे मात्र घेतली, बागच्या अलीकडे शोधत आलेले काका भेटले. कुणी बोरे मागितली, कुणी पुन्हा ट्रकवाल्याचे वाक्य म्हणायला लावले. जिंकून आलेली मी बाजूला बाकावर बसून बूट काढत होते. वाट चुकून आली तरी लाडकी तीच. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. मला वाटला तो तोच जुना मत्सर, उलट अधिक.

"ताईने तर बरोबर सांगितलं होतं," ती म्हणाली. "मेरी ही गिनती गड़बड़. पन्नासच्या पुढची मराठी म्हणजे राम भरोसे." यावर सर्वांत मोठा हशा पिकला, कारण तिथल्या निम्म्या जणांची तीच गत होती.

मी तिच्या मीटरवरचा आकडा पाहून घेतला: दोनशे सव्वीस. घरी जाऊन भागाकार केला. माझा वेग ताशी एकवीस पूर्णांक सहा दशांश. तिचा, अठरा किलोमीटर खडी आणि चहा धरून, बावीस पूर्णांक नऊ. ती बरोबर वळली असती तर माझ्या अर्धा तास आधी पोचली असती. मी भागाकार तीनदा केला. आकडे माझ्या बाजूने कधीच खोटे बोललेले नाहीत. त्या दिवशी तेवढे एकदा त्यांनी बोलायला हवे होते.

मंगळवारी मी भागाकाराची वही घेऊन काकांकडे गेले. त्यांनी वहीचे पान चष्मा वर करून वाचले.

"नियम वेळेचा होता, वेगाचा नव्हता," ते म्हणाले.

"तिचं नाव पाठवा."

"का?"

इथे मला सांगता आले असते. "मला सुट्टी मिळत नाहीये," मी म्हणाले. त्यांनी पेन उघडले.

म्हणजे जागा मी परत केली, पण चोरी सांगितली नाही. हा हिशेब दोन दिवस बरोबर वाटला. गुरुवारी दुपारी तिचा फोन आला.

"ताई! काका म्हणाले, मेरा नाम गया. तू सोडलीस ना जागा? सुट्टी-बिट्टी सब बहाना. मावशीला मी सांगितलं, माझी ताई म्हणजे..." तिला मराठी शब्द सापडेना. "सोना आहे सोना."

माझ्या वाट्याचे कौतुक अखेर मिळाले होते, आणि तेही तिच्याकडून. ते ठेवून घेणे शक्य होते. मी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात गेले आणि दार लावून घेतले.

"तू हातपंपावर इक्यासी म्हणालीस," मी म्हणाले. "मी ऐकलं होतं. मी सांगितलं होतं ते उन्यासी. मी गप्प बसले."



"मुद्दाम?"

"हो."

"मी जिंकू नये म्हणून?"

"हो."

ती रडली नाही, ओरडली नाही. मग तिने एकच गोष्ट विचारली, सावकाश, एकही हिंदी शब्द न घालता. असे बोलताना मी तिला प्रथमच ऐकले.

"तेव्हा मी तुझ्यापासून किती लांब होते, ताई? म्हणजे, तुला ओरडावं लागलं असतं का?"

उत्तर अचूक द्यायला हवे होते. मी डोळे मिटले. हातपंपाचा दांडा, तिचा ओला चेहरा, तिच्या हँडलला जवळजवळ टेकलेले माझे हँडल. मी तिला आकडा सांगितला. तिने फोन ठेवला. संध्याकाळी त्या रविवारच्या पानावर, वेग आणि वेळेच्या खाली, मी तो उतरवला: अंतर, सत्तर सेंटिमीटर.