बापाचं उत्पन्न

आमच्या दवाखान्यात तिला सगळे कानवाली म्हणायचे. नाक-कान-घशाचे डॉक्टर पुढच्या खोलीत बसायचे, मी बाहेर टेबलावर नंबर द्यायची, आणि मागे भिंतींना जाड फोम लावलेल्या खोलीत ही पेशंटच्या कानांवर हेडफोन चढवून बसलेली असायची. "आवाज आला की बटण दाबायचं. नाही आला तर नाही. मला खूश करायला दाबू नका," असं ती प्रत्येकाला ठणकावून सांगायची. गोड बोलणं तिला जमायचंच नाही. तरी म्हातारी माणसं मुद्दाम तिचाच दिवस विचारून यायची, कारण ती तोंडाकडे बघून स्पष्ट बोलायची.

तेव्हा तिची पंचविशी नुकतीच उलटली होती. पदवी घेतली होती, पण त्या पदवीवर फक्त तपासणी करता यायची. एकदा एक बाई कडेवर पोर घेऊन आली. पोराला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. बाईनं विचारलं, "मग आता हा बोलायला कसा शिकेल?" कानवालीनं डॉक्टरांच्या दाराकडे बोट दाखवलं. दिवसभर ती धुमसत होती. संध्याकाळी मशीनवर कव्हर टाकता टाकता मला म्हणाली, "ताई, मी नुसती वाईट बातमी देणारी बाई आहे. पुढचं काही सांगायचा मला अधिकारच नाही."

बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवण्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम विद्यापीठात होता. तिनं अर्ज केला, प्रवेश परीक्षा दिली, मुलाखत दिली. नाव पहिल्याच यादीत लागलं. फी मात्र तिच्या पगाराच्या आवाक्याबाहेरची होती. गरजू विद्यार्थ्यांना विद्यापीठ फी माफ करायचं, हॉस्टेलची खोली द्यायचं, वर दरमहा थोडे पैसेही द्यायचं. त्यासाठी वेगळा अर्ज होता आणि त्या अर्जात आई-वडिलांचं उत्पन्न विचारलं होतं. गाडी तिथंच अडली.

तिच्या बापाचं बाजारात नळ, बेसिन आणि फरशांचं दुकान होतं. ही बारा-तेरा वर्षांची असताना तो दुकानात हिशेब बघणाऱ्या बाईबरोबर राहायला गेला. दुकानाच्याच माथ्यावर घर केलं, पुढे दोन मुलगे झाले. इकडे आई हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करून घर चालवत होती. बापानं पैसा दिला नाही, आईनं मागितला नाही. त्यानं घटस्फोटासाठी दोन-तीनदा वकील पाठवला. आईनं प्रत्येक वेळी वकिलाला दारातूनच वाटेला लावलं. त्यामुळे कायद्यानं ते अजून नवरा-बायको, आणि ही एका भरल्या दुकानाच्या मालकाची लेक.

मदत विभागाची खोली विद्यापीठाच्या तळघरात होती. खिडक्या नाहीत, भिंतीला टेकून कपाटं, आणि टेबलामागे चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या एक अधिकारी बाई. मी तिच्याबरोबर गेले होते.

"वडील वारले?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"घटस्फोट?"

"नाही."

"बेपत्ता आहेत?"

"नाही हो, बाजारात आहेत. दुकानात बसलेत."

"मग त्यांचं उत्पन्न दाखवावं लागेल."

"ते आम्हाला छदाम देत नाहीत."

"त्या खुर्चीवर बसणारा प्रत्येक जण हेच म्हणतो," बाई म्हणाल्या. "वडिलांकडून लिहून आणा की ते तुमचा खर्च करत नाहीत. ते देत नसतील तर सुनावणी होईल. आम्ही त्यांनाही बोलावू. पुढचा."

घरी गेल्यावर काय झालं ते तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. आई भाजी चिरत होती. लेकीचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याच्या पायरीवर पाय ठेवलास तर या घरात पाय ठेवू नकोस."

"मग तू सुनावणीला ये. सांग त्यांना, तो काही देत नाही म्हणून."

"चार परक्या माणसांत मी नवऱ्याची रडगाणी गाऊ? मेले तरी नाही."

"वेळेवर घटस्फोट दिला असतास तर ही वेळच आली नसती."

"त्याला मोकळं करू? त्या सटवीला बायको म्हणून मिरवू देऊ? जिवंत आहे तोवर नाही."

"तो खुशाल मिरवतोच आहे, आई. तू त्याला नाही बांधलंस. मला बांधलंस."

आईनं सुरी खाली ठेवली आणि उठून गेली. त्या रात्री दोघी न जेवता झोपल्या.

दोन दिवसांनी दवाखान्याच्या सुट्टीत ती मला घेऊन दुकानावर गेली. काचेच्या दारामागे पांढरीशुभ्र बेसिनं ओळीनं मांडलेली, भिंतीवर चकचकीत नळ. बाप गल्ल्यामागे बसला होता. पोट सुटलेला, केस काळे केलेला. त्यानं लेकीला ओळखलं, पण खुर्ची दिली नाही.

"काय हवंय?"

"तुमची एक सही."

त्याला ते 'तुम्ही' झोंबलं असावं. लहानपणी ती त्याला अरे-तुरे करायची म्हणे. त्यानं कागद हातात घेतला आणि आजूबाजूला गिऱ्हाईक नाही हे बघून हळू आवाजात वाचला. "'मी माझ्या मुलीच्या शिक्षणासाठी वा पालनपोषणासाठी कोणताही खर्च करत नाही.' हे मी लिहून देऊ? माझ्या हातानं? व्यापारी मंडळाचा खजिनदार आहे मी. तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"खोटं आहे का?"

"खऱ्या-खोट्याचं मला शिकवू नकोस. आईला आधी घटस्फोटाच्या कागदावर सही करायला सांग. सहीला सही. तिकडून ती आली की इकडून ही मिळेल."

"मी फरशी घ्यायला आलेली नाही," ती म्हणाली. "भाव करू नका."

"मग निघ. आणि एवढं शिकून करणार काय? बहिऱ्यांना गाणी शिकवणार?" तो स्वतःच हसला. तिनं त्याच्या हातातला कागद ओढून घेतला. कोपरा फाटून त्याच्या चिमटीत राहिला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "एकदा आईला विचारून तर बघ." ती माझ्यावरच खेकसली, "म्हणजे आईला विकून मी फी भरू? ताई, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?" बसमध्ये ती दोन बाकं सोडून पुढे जाऊन बसली.

शेवटी सुनावणी लागली. साक्षीला आई आली नाही, म्हणून मी गेले. त्याच तळघरात अधिकारी बाई आणि दोन प्राध्यापक बसले होते. मला वाटलं होतं बाप फिरकणार नाही. पण तो आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. येताच त्यानं सगळ्यांना हसून नमस्कार केला.

मी मला माहीत होतं ते सांगितलं. कानवालीनं तिचं सांगितलं. मग बाप बोलायला लागला. आवाजात साखर होती.

"साहेब, लेक माझी. तिला काय हवं ते मी देत आलोय. नुसतं मागायचा अवकाश. पण तिच्या आईनं तिचे कान भरलेत. पोर जरा हट्टी आहे, मनावर घेऊ नका."

एक प्राध्यापक मान डोलवायला लागले. मी बोलायला तोंड उघडलं, तर अधिकारी बाईंनी हातानंच गप्प केलं.

"छान," त्या बापाला म्हणाल्या. "मग प्रश्नच मिटला. मदत नामंजूर. हा कोरा कागद घ्या आणि लिहा, दोन्ही वर्षांची फी आणि हॉस्टेल मी भरतो. पहिला हप्ता सोमवारी."

बापाचं हसू तसंच राहिलं, पण हात पुढे आला नाही. "सोमवारी म्हणजे... धंद्यात सध्या जरा ओढाताण आहे. शिवाय घरी विचारावं लागेल."

"आत्ताच म्हणालात, नुसतं मागायचा अवकाश."

"ती रीतसर मागायला हवी ना. बापाशी बोलायची ही पद्धत आहे?"

तेव्हा कानवाली उठली. कोरा कागद तिनं उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "रीतसर मागते. बाबा, माझी फी भरा. भरलीत तर जन्मभर सगळ्यांना सांगेन, मला माझ्या बाबांनी शिकवलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं कागदाकडे बघितलं. मग दाराकडे. एकाएकी त्यानं कागद हिसकावला, टेबलावर दाणकन आपटला आणि रागारागानं लिहायला लागला. "घ्या! हिचा माझा काही संबंध नाही!"

बाईंनी वाचलं. "संबंधाचं आम्हाला देणंघेणं नाही. खोडा ते. खर्च करत नाही, एवढंच लिहा. खाली तारीख."

त्यानं खोडलं, पुन्हा लिहिलं, सही केली आणि कुणाकडेही न बघता निघून गेला. ज्या प्राध्यापकांनी मान डोलावली होती, ते खिशात काहीतरी शोधायला लागले. बाईंनी कागदावर शिक्का मारला आणि कानवालीला म्हणाल्या, "मंजूर. दर वर्षी नव्यानं आणावं लागेल. आणि पुढच्या वेळी कागद वेळेत आणा."

वर व्हरांड्यात आल्यावर मी तिचा दंड धरला. "जिंकलीस की गं!"

तिनं हात सोडवून घेतला. खांबाला टेकली. "मी कागद पुढे धरला ना, तेव्हा क्षणभर मला खरंच वाटलं, तो भरेल," ती म्हणाली. "कशाला वाटावं मला असं?" आणि स्वतःलाच एक शिवी हासडून ती बाहेरच्या पायऱ्या उतरायला लागली.

आईला तिनं फक्त मदत मिळाल्याचं सांगितलं. आईनं विचारलं, "त्यानं सही दिली?" ही हो म्हणाली. त्यानंतर हॉस्टेलवर जाईपर्यंत आई तिच्याशी कामापुरतंच बोलली. निघायच्या दिवशी मात्र इस्त्री केलेल्या दोन चादरी तिच्या पिशवीवर ठेवून कामाला गेली. दारापर्यंत सोडायला थांबली नाही.

दुसऱ्या वर्षी कानवाली कागद घेऊन एकटीच दुकानावर गेली. त्यानं उभ्याउभ्याच सही केली. "पुढच्या वर्षी लागेल?" त्यानं विचारलं. "नाही. तोवर अभ्यासक्रम संपेल," ती म्हणाली. "बरं," म्हणून तो गिऱ्हाइकाला नळ दाखवायला वळला. तेवढीच ती भेट.

आता ती दुसऱ्या गावी बहिऱ्या मुलांच्या शाळेत आहे. मध्ये मी एकदा गेले होते. वर्गाबाहेरूनच तिचा आवाज ऐकू आला. एका पोराचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून ती एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि पोरगं कंटाळून तिला लाथा मारत होतं. सुट्टी झाल्यावर तिनं मला चहा पाजला. बोलता बोलता आईचा फोन आला. बापानं पुन्हा वकील पाठवला होता आणि आईला लेकीकडून ऐकायचं होतं की तिनं नाही म्हणून योग्यच केलं.

"मला विचारू नकोस," कानवाली म्हणाली. "सही कर नाहीतर फाडून टाक. मला आता तुमच्यापैकी कुणाच्याच कागदाची गरज नाही."

पलीकडून आई काहीतरी ओरडली आणि फोन बंद झाला. कानवालीनं फोन पालथा ठेवला, माझ्या कपात उरलेला चहा ओतला आणि म्हणाली, "तुमची बस कितीची आहे?"