मावशींनी रचलेलं भूत

गोऱ्या साहेबाच्या त्या कोठीला बावीस दारं, आणि कोणतं दार कोणत्या हवेत कुरकुरतं हे तिथल्या मावशींना तोंडपाठ. सव्वीस वर्षं त्या लोकांना कोठी दाखवत आल्या. सुरुवातीला लाकूड कुठून आलं, दगड वाहताना किती मजूर मेले, सगळं सांगायच्या. लोक जांभया द्यायचे.

म्हणून नव्या असताना एकदा त्यांनी जिन्यावरून पुडी सोडून दिली. "इथनंच आयाबाईच्या हातून साहेबाचं तान्हं पोर पडलं. ही पायरी वाजते ना, आयाबाईचं भूत फिरतंय अजून." पायरी वाजायची ती लाकूड सुकल्यामुळे, पण ते ऐकायला कोण येतंय? जांभया थांबल्या. पुढे व्यवस्थापकांनी जिन्यापाशी गोष्टीची पाटीच ठोकली.

परवा एक म्हातारी त्या पाटीपुढे बराच वेळ उभी राहिली.

"ही आया माझी आजी," ती मावशींना म्हणाली. "पोराला देवी आल्या, तेव्हा आईबापसुद्धा खोलीत जाईनात. ही सतरा दिवस उशाशी बसली. पोर वाचलं, ही गेली. हे पाटीवरचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, आजी. मीच रचलं."

म्हातारी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी व्यवस्थापकांना पाटी काढायला सांगितली. ते म्हणाले, "लोक भुतासाठी येतात, मावशी. खरंच सांगायचं असेल, तर नोकरी सोडून घरी बसून सांगा." घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं. तरी ही बाई तडक जिन्यावर गेली आणि तीस माणसांसमोर म्हणाली, "भूतबीत काही नाही. मी खोटं बोलले. त्या आयाबाईनं पोर वाचवलं." चारचौघांत असं बोलायला वाघाचं काळीज लागतं.

एकजण बायकोच्या कानात कुजबुजला, "हिला धरलंय त्या आयाबाईनं. तीच हिच्या तोंडून हे वदवून घेतेय."

झालं! गर्दी दुप्पट झाली. नोकरी राहिली, पाटीही राहिली. मावशी मात्र रोज कोठी दाखवण्याच्या चारही फेऱ्यांना तेच सांगतात, आणि लोक रोज पायरीकडे बघून शहारतात.

आठवड्याने म्हातारी पुन्हा आली.

"कुणाला पटतंय का?"

"नाही, आजी."

"तरी सांगतेस?"

"सांगते."

म्हातारी सगळ्यांच्या पुढे, त्याच पायरीवर बसली. "सांग," ती म्हणाली. "मी ऐकते."