बापूंचा कवडसा

विकायला आलेला माणूस आधी बॅग उघडतो. आमचे सुभाषबापू आधी गच्ची मागायचे. वर जाऊन डोळे अर्धवट मिटून दूर बघत राहायचे, इतके हरवून की खाली चहा निवून जायचा. बापू जवळच्याच कोरीट गावचे, सैन्याच्या सिग्नल दलातून निवृत्त झालेले. आमच्या नंदुरबारच्या कंपनीत बिनतारी इंटरनेटचे संच विकायचे. जोडणीचं काम माझ्याकडे.

"ताई, हवामा रस्ता ऱ्हास," ते म्हणायचे. "आपले तो दखता येवाले जोयजे." खरंच होतं ते, दोन्ही टोकं एकमेकांना थेट दिसली तरच आमचा संच चालतो.

त्यांची रीत फौजेतली. संचाचे गुण शेवटी, उणीव आधी. "कठे चालत नही, ते पहिले सांगानं." विक्रीत असं कुणी बोलतं का हो? मी कपाळाला हात लावायचे.

त्यांची नेमणूक अजून कच्ची होती. साहेबांनी बजावलेलं, मिरचीवाल्या शेठजींची ऑर्डर आणा, कायम करतो, नाहीतर रामराम. आणि रामराम झाला की सुरतेला वॉचमनकी ठरलेली. उभी उमर सीमेवर गेलेल्या माणसाला आता बायकोजवळ, गावात राहायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

फाल्गुनातली ती दुपार अजून डोळ्यांपुढे तरंगते. शेठजींची पेढी नंदुरबारात, गोदाम धानोऱ्याला. मी पेढीच्या गच्चीवर, बापू गोदामाच्या छपरावर दाढीचा आरसा घेऊन. पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानावर, लालभडक मिरची वाळत होती, हवेत तिचा ठसका, क्षितिज विरघळल्यासारखं. आणि त्या धुरकटात एकदम एक ठिणगी लुकलुकली. बापूंचा कवडसा! मी फोनवर ओरडलेच, "दिसलं बापू! जमलं!"

पलीकडून हळूच आवाज आला, "ताई, मधमा सागना झाडं शेतस. आते उघडा शेतस."

बापू धानोऱ्याहून परतले तेव्हा पेढीवर शेठजी होकार देऊनच बसले होते. बापू ताठ उभे राहिले. "शेठजी, आज चालस. पन पावसायामा सागले पाला उना, का बंद पडस. लेवू नका."

"अरे फौजीभाई, तुम्ही विकायला आले का गिऱ्हाईक पळवायला?" शेठजी हसले, आणि ऑर्डर राहिली ती राहिलीच. जिन्यातच मी भडकले, "पावसाळ्याचं पावसाळ्यात बघितलं असतं! तोवर कायम झाला असतात!"

साहेबांनी शब्द पाळला. सुरतेच्या गाडीवर पोचवायला मी गेले, तेव्हाही माझा राग उतरला नव्हता. वहिनी पदर तोंडाला लावून बाजूला उभ्या होत्या. मला भरून येत होतं, म्हणून जास्तच चिडून बोलले, "एक वाक्य गिळलं असतं तर काय बिघडलं असतं हो?"

बापूंनी ट्रंक आत सरकवली, पायरीवर थांबले.

"ताई, फौजमा खोटा सिग्नल दिधा, ते मानूस मरस. आठे नुसती नोकरी गयी. सस्तामा सुटनू."