विहारात वाचण्याआधी हिरवा ग्रह

पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, आमच्या विहारात रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचतात. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कितीतरी वर्षं ते काम माझ्या आत्याकडे होतं. मग तिची नजर अधू झाली आणि मला न विचारताच तिने सगळ्यांना सांगून टाकलं, "आता आमची पोरगी वाचंल."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी मनात वाचते, पण मोठ्याने वाचायला लागले की जोडाक्षराजोडाक्षराला अडखळते. त्यात चार माणसांसमोर माझा आवाज एरवीही फुटत नाही. आत्याने सांभाळलेली जागा आपल्या हातून जाणार, एवढंच मला दिसत होतं.

ग्रंथावरच सराव करायला मन धजेना. मग आत्याच्या पेटीतून एक जुनी कादंबरी निघाली, गंगाखेडच्या स्टँडवर कधीतरी घेतलेली. मुखपृष्ठावर हिरवा ग्रह आणि त्याच्याकडे झेपावणारं यान. लेखकाचं नाव असलेला कोपरा फाटून गेलेला.

दुपारी आत्या शेंगा सोलत बसायची आणि मी वाचायचे.

"आगं, ज्वारी निवडल्यावानी काय वाचायलीस? खडा आला की थांबतीस."

पण लवकरच यान कोसळलं आणि अडखळायला मला सवडच राहिली नाही. वाक्यं आखूड, संकटं मात्र संपता संपत नव्हती. ग्रहावर उतरलेल्या शास्त्रज्ञाने हवा कशी आहे ते बघायला सरळ हेल्मेट काढलं.

"इतकं शिकून अक्कल न्हाई मेल्याला," आत्या म्हणाली. "मरतंय का? वाच की लवकर!"

मी मुद्दाम थांबायचे. शेंग तिच्या हातात तशीच राहिली की पुढचं वाक्य वाचायचे. ज्याचं नावही मला ठाऊक नाही त्या लेखकाचे माझ्यावर उपकार आहेत. ऐकणारा माणूस आपल्या चुका मोजत नसतो, त्याला पुढचं हवं असतं, हे मला त्याच्यामुळे कळलं.

विहारात पहिले काही दिवस मी मान खाली घालून कसंबसं वाचलं. चुकले तर सांगायला आत्या शेजारीच बसायची. मग तो भाग आला. घर सोडायचं ठरवलेला राजपुत्र बायकोला ते सांगायला येतो आणि त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. तिथे मी सवयीने थांबले.

मी अडले असं समजून आत्याने पाठ असलेला पुढचा शब्द हळूच सांगितला.

"आक्का, तुमी गप बसा की," मागून एक बाई म्हणाली. "तिला येतंय. मुद्दाम थांबलीय पोरगी."

बायका हसल्या. आत्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि मागे बायकांत जाऊन बसली.

"वाच," तिथून ती म्हणाली. "आमाला ऐकू दे."