तोटी फिरवून बघणारे सर

दुष्काळात करमाड गावची आमची मेंढरं विकली गेली आणि आई-बाप शहरात बांधकामावर आले. घरात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिलाच. नोकरीत कायम व्हायचं तर एक काम पार पाडायचं होतं. डिस्क ‘फक्त वाचायची’ असं ठरवलं तरी तिच्यावर लिहिलं जात होतं, ते संगणक चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, म्हणजे कर्नलमध्ये जाऊन थांबवायचं.

माझं काम तपासणारे सर कशावरच विश्वास ठेवत नसत. ऑफिसचा नळ आठवडाभर कोरडा असला तरी येताजाता तोटी फिरवायचे.

“सर, आज पाण्याचा वार नाय.”

“व्हय का? बघू.”

माझ्या कामालाही तेच. “सर, आता लिहिणं बंद केलंय,” मी म्हणायचो.

“व्हय का? बघू.” आणि आधीपासून उघड्या असलेल्या फाइलीत ते आरामात एक ओळ लिहून दाखवायचे. “दार लावलंस भाऊ, पण आत बसलेल्याचं काय?”

मी लई थकलो. त्यांचा रागही यायचा. शेवटी दर वेळी लिहिण्याआधी संगणकाला परवानगी तपासायला लावली. सरांनी दुपारभर लिहून बघितलं, एक अक्षर उमटलं नाही. ते उठले आणि नळाची तोटी फिरवायला गेले.

ती दुरुस्ती कर्नलमध्ये घेतली गेली. तिच्याखाली माझं नाव आहे, बापाच्या नावासकट.